इतर (कृपया नमूद करा)

एप्रिल ते सप्टेंबर, आठवड्याचे चार दिवस
पोर्थमेलिनच्या वाहनतळावर उभी राहून
मी माणसं मोजते.
कौन्सिलनं दिलंय पिवळं जाकीट, एक टॅब्लेट
आणि सतरा प्रश्न.
कुठून आलात. किती जण. किती रात्री.
किती पौंड खर्च होतील असं वाटतं.
इथे बहुतेक नवरे बायकोकडे बघतात.

नेरिस सांगते, पूर्वी शनिवार ते शनिवार असायचं,
तीच माणसं, तीच खोली,
त्यांची पोरं दर उन्हाळ्यात तिच्या दाराच्या चौकटीला पाठ लावून
पेन्सिलीनं मोजून घ्यायची.
आता दीड रात्र.
दीडचा रकाना नाही, मी दोनवर बोट ठेवते
आणि वेल्सच्या कुठल्याशा अहवालात
अर्धी रात्र फुकट वाढते.

नेरिस हल्ली कुणाच्या हातात चावी देत नाही.
चावी डबीत, डबी भिंतीला, डबीचे चार आकडे फोनमध्ये.
दुसऱ्यांच्या चौदा घरांच्या चादरी बदलते ती अकरा ते तीनमध्ये.
पाहुण्यांचा चेहरा ठाऊक नाही,
फक्त न्हाणीच्या जाळीत अडकलेले केस.
त्यावरून वय सांगते.
सहसा चुकत नाही.

इड्वालचे चाळीस पिंजरे होते खेकड्यांचे.
आता त्याच होडीतून तो सील दाखवतो.
सील नाही दिसले तर दोन तारे.
खेकडे निदान लिहीत नव्हते रे काही, म्हणतो,
आणि जानेवारीत, लोकरीची टोपी घालून समुद्रात शिरणाऱ्या,
किंचाळणाऱ्या, निळ्या ओठांच्या त्या नव्या मंडळींना
घोड्याच्या गाडीत बसवलेल्या यंत्रातून कॉफी काढून देतो.
जानेवारी माझ्या मोजणीत येत नाही.
म्हणजे कागदावर ती मंडळी आलेलीच नाहीत,
भिजलेलीही नाहीत.

एकदा लीड्सचा एकजण, गाडीतच राहणारा,
समुद्राकडे पाठ करून मीटिंगमध्ये होता,
बाकीच्यांना मागे लाट दिसावी म्हणून.
विचारलं, काम की सुट्टी?
दोन्हीवर खूण करा, म्हणाला.
यंत्र एकच घेतं.

खानावळीच्या दारावरची पाटी तीन उन्हाळे जुनी,
'स्वयंपाकी पाहिजे'मधलं 'पाहिजे' उन्हानं उडालं.
बोरियाना आली होती मे महिन्यात, मागच्या कॅरॅव्हॅनमध्ये राहायची.
ऑगस्टमध्ये कॅरॅव्हॅनला गिऱ्हाईक मिळालं
आणि तिला शेवटची बस पाच दहाची.
काम दहाला सुटायचं.
नंतर महिनाभर फक्त थंड सँडविच.

माझंही तसंच.
ऑक्टोबर ते मार्च मी एका घराची भाडेकरू,
खिडकीत समुद्र, दोन खोल्या, चिमणी.
एक एप्रिलला माझी पातेली, पुस्तकं, रजई
नेरिसच्या अडगळीच्या खोलीत.
पुस्तकं यंदा खोक्यातून काढलीच नाहीत.

शेवटच्या रविवारी स्लाऊहून एक कुटुंब आलं.
मी जवळ जाते तोच बाई नवऱ्याला म्हणाली,
बघ हं, ही आता वर्गणी मागणार.
मी मराठीतच विचारलं, किती रात्री?
मग हसणं, डब्यातल्या वड्या, गाव कुठलं, कधीपासून.
नऊ वर्षं? इथे? आणि करतेस काय?
मोजते, म्हटलं.
त्यांचा मुलगा टॅब्लेटवर वाकला होता.
पाहुणा, रहिवासी, हंगामी कामगार, इतर.
तुझं यातलं कुठलं गं, मावशी?
त्यानंच 'इतर' दाबलं.
खाली रिकामी चौकट उघडली, कर्सर लुकलुकत राहिला,
वारा सुटला म्हणून बाई सगळ्यांना गाडीत बसा म्हणाली.

जाकीट परत केलं. सही केली.
रात्री अडगळीच्या दाराशी पाहिलं,
रंगाखालून अजून दिसतात त्या रेघा.
सगळ्यात वरची: हॅडली, ऑगस्ट ८७.
चपला काढून, टाचा टेकवून
उभी राहिले चौकटीला.
हॅडली माझ्या कानापर्यंत येतो.
पेन्सिल शोधली नाही.
बाहेर नेरिस धुतलेल्या चादरी मोजत होती,
तिचा आकडा चुकू नये म्हणून
मी तशीच उभी राहिले,
गप्प.